दिवसाला अकरा घरं

माझ्या फोनमध्ये त्यांचा नंबर ‘सिस्टर ड्रेसिंग’ या नावानं होता, आणि त्यांच्या फोनमध्ये मी ‘तिसरं घर’ होते. सकाळी सहाला त्या बाहेर पडायच्या. पहिल्या घरी लघवीची नळी बदलायची, दुसऱ्या घरी इंजेक्शन, मग सातला आमच्याकडे. आमच्यानंतर आणखी आठ.

माझ्या वडिलांना पक्षाघात होऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. उजवी बाजू गेली होती, साखर होतीच, आणि पडून पडून डाव्या टाचेला जखम झाली होती. बाबा आयुष्यभर जमिनीची मोजणी करणाऱ्या खात्यात होते. जीभ जड झाली तरी खोड गेली नव्हती. सिस्टर दारात दिसल्या की ते घड्याळाकडे बोट करायचे आणि एकेक अक्षर ओढत म्हणायचे, “चार... मिनिटं... उशीर.”

“मग पगार कापा,” सिस्टर म्हणायच्या, आणि चादर बाजूला करून टाचेशी बोलायला लागायच्या. “काय साहेब, आज मूड कसा आहे? कालच्यासारखं रडायचं नाही हं.” त्या जखमेला साहेब म्हणायच्या. बाबा तोंडाच्या एकाच बाजूनं हसायचे. आमच्या घरात दिवसभरात तेवढंच हसू व्हायचं.

त्यांचा क्रम ठरलेला होता. आधी बोटातून रक्त काढून साखर बघायची, मग पोटाला इन्सुलिन, लगेच वहीत वेळ आणि मात्रा लिहायची, आणि मग ड्रेसिंग. तोवर मी नाश्ता तयार ठेवायचे. मी शाळेत भूगोल शिकवते. साडेसातला मला निघावं लागायचं. पुढचं दुपारपर्यंत शेजारच्या काकू बघायच्या. त्यांच्याकडे आमची किल्ली असायची.

दुसऱ्या वर्षाच्या शेवटी शेवटी सिस्टर बदलल्या, हे मला आता कळतं. तेव्हा मी ते सोयीस्करपणे पाहिलं नाही. साहेबांशी बोलणं बंद झालं. बाबांनी घड्याळाकडे बोट केलं तरी त्यांचं लक्ष नसायचं. एकदा त्या बाबांच्या खाटेशी हातमोजे चढवून नुसत्याच उभ्या राहिल्या. मी विचारलं, “काय झालं हो?” तर म्हणाल्या, “काही नाही. कुठलं घर ते आठवत होते.” मी हसले. मला वाटलं, थट्टा करताहेत.

त्यांना सुट्टी अशी नव्हतीच. एकदा त्यांना ताप होता, डोळे लाल झाले होते, तोंडाला मास्क लावून आल्या होत्या. मी म्हणाले, “आज कशाला आलात?” पण म्हणताना मी दार पूर्ण उघडून आत सरकले होते, आणि त्या आल्या नसत्या तर मी काय केलं असतं हे त्यांना आणि मला दोघींनाही ठाऊक होतं. त्यांच्या मागं दुसरं कुणी नव्हतं. दवाखान्यात एक सिस्टर आजारी पडली तर पाळी दुसरीवर जाते. इथं पाळी तशीच पडून राहायची.

ते घडलं त्या दिवशी शाळेत वार्षिक परीक्षेचा पहिला पेपर होता. मला सातलाच निघायचं होतं. सिस्टर पंधरा मिनिटं उशिरा आल्या. दुसऱ्या घरातले आजोबा न्हाणीघरात पडले होते, त्यांना उचलून यावं लागलं होतं. त्यांनी साखर बघितली आणि इन्सुलिन दिलं. मी खांद्याला पिशवी लावून समोरच उभी होते, मी ते बघितलं. इतक्यात त्यांचा फोन वाजला. नवव्या घरातल्या बाईंची नळी तुंबली होती, पोट फुगलं होतं, मुलगी फोनवर ओरडत होती. सिस्टरांनी फोन मान आणि खांद्यामध्ये धरला आणि तिला समजावत समजावत ड्रेसिंगला बसल्या. मी हातानंच ‘निघते’ अशी खूण केली. त्या मान हलवायला गेल्या, तर फोन पडायला आला.

पुढचं मला काकूंकडून कळलं, आणि काही सिस्टरांकडून.

ड्रेसिंग संपल्यावर त्यांनी वही ओढली. आजची ओळ कोरी होती. एरवी त्या सुई काढल्या काढल्या लिहायच्या, आणि ओळ कोरी असणं म्हणजे इन्सुलिन द्यायचं राहिलं, असा त्यांच्या हाताचा हिशोब होता. हातानं इन्सुलिनचं पेन उचललं, नवी सुई लावली, आणि दुसऱ्यांदा दिलं. मग वेळ लिहिली, मात्रा लिहिली, सही केली, आणि त्या गेल्या. बाबांना कळलं होतं का? मी पुष्कळदा विचार केला यावर. त्यांना कळलं असेल आणि शब्द जुळेपर्यंत सिस्टर जिना उतरून गेल्या असतील. किंवा त्यांनीही लक्ष दिलं नसेल.

काकूंनी आठला नाश्ता भरवला. बाबांनी अर्धाच खाल्ला. मग त्यांना झोप लागली. काकू म्हणाल्या, “छान शांत झोपले, म्हणून मी भाजी आणायला गेले.”

इन्सुलिनची चार घरं होती, म्हणून सिस्टर रोज एका छोट्या डबीत चार सुया मोजून घ्यायच्या. चौथं इन्सुलिन त्यांच्या सहाव्या घरी होतं. तिथं पावणेदहाच्या सुमारास त्यांनी डबी उघडली, तर डबी रिकामी. आधी त्यांना वाटलं, सकाळी मोजताना चूक झाली. मग वाटलं, पडली असेल. त्यांनी बॅग त्या घरच्या फरशीवर उपडी केली. आणि मग त्यांना आमच्या वहीतली कोरी ओळ आठवली, आणि माझी पिशवी आठवली, खांद्याला पिशवी लावून समोर उभी असलेली मी. मी उभी असताना काय चाललं होतं? सुई पोटात होती.

माझा फोन शाळेच्या कार्यालयातल्या कपाटात बंद होता. परीक्षेच्या खोलीत फोन नेता येत नाही. काकूंचा नंबर त्यांच्याकडे नव्हता. सामान बॅगेत कोंबून त्या आमच्या घराकडे पळत सुटल्या.

काकू नुकत्याच परतल्या होत्या. किल्लीनं दार उघडता उघडता म्हणाल्या, “अहो, झोपलेत ते. उठवू नका.” सिस्टरांनी त्यांना बाजूला ढकललं. बाबा घामानं निथळत होते, उशी भिजली होती, दातखीळ बसली होती आणि घशातून घरघर येत होती. साखर निघाली सव्वीस. तोंडातून काही देण्यासारखं नव्हतं. बॅगेत ग्लुकोजच्या दोन कुप्या होत्या, पण बाबांची शीर सापडेना. एकदा टोचलं, दुसऱ्यांदा टोचलं. काकू सांगतात, “मग तिनं डोळे मिटले, एक श्वास घेतला, आणि बोटानं चाचपत न बघताच शीर धरली.” दोन्ही कुप्या रिकाम्या केल्यावर बाबांनी डोळे उघडले. उघडले, पण ते कुणावरच ठरत नव्हते.

रुग्णवाहिकेतून त्या बरोबर गेल्या. डॉक्टरांनी काय झालं विचारलं, तर काकूंनी तोंड उघडायच्या आत सिस्टर म्हणाल्या, “इन्सुलिनचा डोस दोनदा गेला. मी दिला.” काकूंना ते फार लागलं होतं. “अगं, नाश्ता नीट खाल्ला नाही म्हणाली असती तरी चाललं असतं. कोण विचारणार होतं?”

मी पोचले तेव्हा एक वाजून गेला होता. सिस्टर व्हरांड्यात भिंतीला टेकून उभ्या होत्या. बाकडं रिकामं होतं, पण त्या बसल्या नव्हत्या.

“बाई,” त्या म्हणाल्या, “सकाळचं इन्सुलिन बाबांना दोनदा गेलं. माझ्या हातून.”

“दोनदा म्हणजे? मी बघितलं ना तुम्हाला देताना.”

“हो. त्यानंतर परत एकदा.”

अकरा अकरा घरं घेता कशाला, असं मी ओरडले. माणसं आहेत की टपाल आहे, दारोदार टाकत जायला? शेवटी म्हणाले, “माझ्या बापाचा नंबर कितवा हो तुमच्या यादीत?”

मला चिडून विचारायचं होतं. त्यांनी मात्र उत्तर दिलं. “तिसरा,” म्हणाल्या.

बाबा नवव्या दिवशी घरी आले. जगले, पण पूर्वी जे तुटक तुटक बोलायचे तेही आता राहिलं नव्हतं. घड्याळाकडे बघायचे, बोट मात्र उचलायचे नाहीत. भाऊ परगावाहून फोनवर म्हणाला, तक्रार कर, तिचा परवाना रद्द झाला पाहिजे. मी अर्ज लिहायला घेतला. ‘सदर परिचारिकेने’ इथपर्यंत लिहिला. परीक्षेच्या दिवशी पंधरा मिनिटांची घाई माझीही होती, हे पुढच्या कुठल्या वाक्यात लिहायचं ते मला सुचेना.

त्यांची बॅग आमच्याकडेच राहिली होती. ती परत करायच्या निमित्तानं मी त्यांच्या घरी गेले. खरं सांगायचं तर राहिलेलं बोलून घ्यायला गेले. दार त्यांच्या आईनं उघडलं. दीड खोलीचं घर. दोरीवर तीन पांढरे गणवेश वाळत होते, त्यांचं पाणी कधीच सुकून गेलं होतं पण कुणी काढले नव्हते. सिस्टर आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून झोपल्या होत्या. दुपारचे चार वाजले होते.

“दहा दिवस झोपतीये,” आई म्हणाल्या. “उठते, पाणी पिते, परत आडवी होते. फोन वाजला की दचकते, म्हणून मी तो डब्यात घालून ठेवलाय.” स्वयंपाकाच्या ओट्यावरच्या स्टीलच्या डब्यातून तेवढ्यात घूं घूं आवाज आला आणि थांबला. आईंनी तिकडे पाहिलंही नाही.

मी राहिलेलं बोलले नाही. त्या म्हातारीनंच बोलायला सुरुवात केली. कुणाशी तरी बोलायला मिळावं म्हणून तिचा जीव टांगणीला लागलेला असावा.

सिस्टर तेरा वर्षं मोठ्या रुग्णालयात होत्या. एका वॉर्डात चाळीस माणसं आणि दोन सिस्टर. एका दिवशी त्यांच्या वॉर्डात एक बाई वारली आणि दोन तास ते कुणाच्या लक्षातच आलं नाही. त्यांनी राजीनामा दिला. “आता मी माझी मालकीण, आई,” असं म्हणून पेढ्यांऐवजी स्वतःला नवे बूट घेतले होते. सुरुवातीला चारच घरं होती. दुपारी घरी येऊन आईबरोबर जेवायच्या, पत्त्यांचा डाव मांडायच्या. मग एका घरानं दुसऱ्याला सांगितलं. नाही म्हणणं त्यांना जमायचं नाही. समोरचा रडत असतो, त्याच्या घरात माणूस कुजत असतो, आणि आपल्याला ते बरं करता येतं. कसं नाही म्हणायचं? चाराची सहा झाली, सहाची नऊ.

“घरी बॅग यायची हो, मुलगी यायचीच नाही,” आई म्हणाल्या. “उभ्यानं जेवायची. एकदा मला अंघोळ घालत होती. म्हणाली, ‘हात वर करा, आजी.’ मी म्हटलं, अगं, आजी कुणाची? आई आहे मी तुझी. तर माझ्याकडे अशी बघायला लागली, की मलाच शंका आली.”

एवढं बोलून त्या हसल्या आणि पदरानं डोळे पुसले. बॅग मी कोपऱ्यात ठेवली आणि निघाले.

बाबांच्या व्यायामाला एक फिजिओथेरपिस्ट यायचे, साठीला आलेले, मितभाषी. ते आणि सिस्टर पुष्कळशा त्याच घरांतून फिरायचे. त्या काळात सिस्टरांकडे जाऊन बसणारे ते एकटेच. त्यांनी मला सांगितलं, “मी पेशंटना आधी त्यांच्या कहाण्यांवरून ओळखायचो. मग दुखऱ्या अवयवांवरून ओळखायला लागलो. मग मजल्यांवरून. तिसरा मजला, गुडघा. तेव्हाच थांबायला हवं होतं. थांबलो नाही, आणि एक म्हातारे गृहस्थ माझ्या हातातून निसटले. खुब्याचं हाड मोडलं. ते परत उठले नाहीत.” सिस्टरांना त्यांनी हेच सांगितलं होतं आणि वर म्हणाले होते, “पाच घरं. सहावं आलं की नाही म्हणायचं. ते नाही रोज म्हणावं लागेल, आणि रोज वाईट वाटेल. वाईट वाटू दे.”

चाळीस दिवसांनी मीच फोन केला. मधल्या काळात दोन जणी येऊन गेल्या होत्या. बाबांच्या टाचेची जखम हाडापर्यंत गेली होती. आणि सकाळी सातला बाबा दाराकडे बघत राहायचे, ते मला बघवत नव्हतं.

“तुमच्याकडे नको, बाई,” सिस्टर म्हणाल्या. “तिथं माझा हात चालणार नाही.”

“दुसरं कुणी नाही मला.”

मग म्हणाल्या, “ड्रेसिंगला येईन. इन्सुलिन तुम्ही टोचायचं. मी शिकवेन. वहीत सही तुमची. मी कामाला बसले की माझा फोन बंद असेल, आणि गुरुवारी येणार नाही. गुरुवारी ड्रेसिंगही तुम्हीच करायचं.”

पहिल्या दिवशी माझ्या हातात पेन देऊन त्या मागं उभ्या राहिल्या. बाबांच्या पोटाची चिमूट धरून मी लगेच सुई टोचायला गेले. “घाई नाही,” त्या म्हणाल्या. “दहापर्यंत मोजा आणि मग सुई काढा.” बाबा आळीपाळीनं आम्हा दोघींकडे बघत होते. सिस्टर टाचेशी आल्या, पट्टी सोडली, आणि कितीतरी वेळ नुसत्या बघत राहिल्या. साहेबांशी काही बोलल्या नाहीत.

त्यांनी पाचच घरं ठेवली. उरलेल्या सहांना स्वतः जाऊन सांगितलं. फोनवर सांगणं सोपं गेलं असतं. एका घरात त्यांना पाणीही विचारलं नाही. एका ठिकाणी, ‘आम्हाला सवय लावून आता सोडता,’ असं ऐकवलं. आणि एक घर होतं ते शिंप्याचं. त्याच्या बायकोच्या छातीतली गाठ फुटली होती. त्या जखमेचा वास जिन्यापर्यंत यायचा, आणि दुसरी कुणी सिस्टर दोन दिवसांच्या वर टिकत नसे. शिंपी सलग तीन सकाळी सिस्टरांच्या फाटकाशी येऊन उभा राहिला. बोलायचा नाही, उभा राहायचा. चौथ्या दिवशी त्या त्याला म्हणाल्या, “मी येणार नाही. पण आज दुपारी तुम्हाला शिकवते.” दुपारभर बसून त्यांनी त्याला पट्टी सोडायला, धुवायला, औषध भरायला शिकवलं. शिंप्याचे हात कामाचे होते, पण तो वळून पुन्हा पुन्हा खिडकीशी जात होता. बायको त्याला म्हणत होती, “अहो, राहू द्या.”

ती साडेतीन आठवड्यांनी गेली. सिस्टर गेल्या असत्या तरी ती जाणारच होती. पण कशी गेली, ते शिंप्यानं येऊन सांगितलं. शेवटचे आठ दिवस पट्टी सोडायला त्याचा हात धजला नाही. त्यानं वरूनच नव्या पट्ट्या गुंडाळल्या होत्या.

“ते माझ्या अंगावर आहे,” सिस्टर मला म्हणाल्या. आम्ही आमच्या ओट्याशी उभ्या होतो. आता त्या कामानंतर दहा मिनिटं थांबून, बसून चहा प्यायच्या, हाही त्यांच्या नियमातला एक नियम होता. त्या दिवशी मात्र बसल्या नाहीत.

“तुम्ही गेला असतात तर सहा झाली असती,” मी म्हणाले.

“हो. आणि मग सातवं आलं असतं.” त्यांनी कप विसळला. “हे सगळं बरोबर आहे, बाई. फिजिओ बरोबर सांगतात, तुम्ही बरोबर सांगता. पण ती बाई आठ दिवस तशीच राहिली.”



बाबा पाच महिन्यांनी गेले. छातीत कफ झाला होता. त्या सकाळचा त्याच्याशी संबंध होता की नव्हता, हे डॉक्टरांना सांगता आलं नाही. मी पुन्हा विचारलं नाही. तो दिवस गुरुवार होता. मी सिस्टरांना फोन करणार नव्हते, काकूंनी केला. अर्ध्या तासात त्या आल्या, गणवेशात नाही, घरच्या कपड्यांत. त्यांनी बाबांना शेवटच्या दिवसांत लावलेली लघवीची नळी काढली, टाचेची पट्टी बदलली. आता ती बदलायची काही गरज नव्हती, पण त्यांनी नीट, कडा दुमडून बदलली. मग बाबांचा हात हातात धरून बसल्या. भाऊ खोलीच्या दुसऱ्या टोकाला उभा होता. तो त्यांच्याशी एक शब्दही बोलला नाही, आणि त्यांनीही त्याच्याकडून अपेक्षा केली नाही.

आता तीन वर्षं झाली. आमच्या दोघींचं येणंजाणं राहिलं आहे. त्या अजून पाचच घरं करतात. रुग्णालयातली जुनी मैत्रीण आता त्यांच्यासारखीच घरोघरी जाते. दोघींनी आपापले पेशंट एकमेकींना दाखवून ठेवलेत, म्हणजे एकीला ताप आला तर दुसरी जाते. दुपारी आईबरोबर जेवतात. आईची दृष्टी गेली आहे, त्यामुळे पत्ते होत नाहीत. सिस्टरांचे केस एका वर्षात पांढरे झाले.

गेल्या महिन्यात मी विचारलं, “आता बरं वाटतं का हो?”

त्यांनी थोडा विचार केला. “झोप लागते,” म्हणाल्या. “माणसांचे चेहरे लक्षात राहतात. मधलं एक वर्ष राहत नव्हते. तुमचे बाबा मला पहिल्या वर्षातले आठवतात, नंतरचे आठवतच नाहीत. मी रोज यायचे ना?”

“रोज यायचात,” मी म्हणाले.

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. पलीकडे कुणी बाई होती. तिच्या सासऱ्यांना पाठीला जखमा झाल्या होत्या, कुणीतरी हा नंबर दिला होता. सिस्टरांनी सगळं ऐकून घेतलं. मध्ये तोडलं नाही. जखमा किती खोल आहेत ते विचारलं, ताप आहे का विचारलं. मग म्हणाल्या, “नाही हो, मला जमणार नाही. आणखी दोन नंबर देते, लिहून घ्या.” पलीकडची बाई बोलत राहिली, मग रडायला लागली. मला खुर्चीवरून ऐकू येत होतं. सिस्टर फोन कानाशी धरून तिचं रडणं थांबेपर्यंत थांबल्या, दोन्ही नंबर सावकाश सांगितले, आणि परत एकदा नाही म्हणाल्या.